परमुलखातले सण



सणावारांविषयी आपल्याला काय सांगायचे, असे कोणी म्हणेल. वर्षाचे निम्मे दिवस आपण सणांतच वावरतो. पण ज्या गावी आपला सण कोणाला ठाऊकच नाही, कचेऱ्या उघड्या, शाळा चालू, बाजार नेहमीसारखा, तेथे तो कसा पाळायचा? सेवेसाठी परदेशी गेलेल्या अमेरिकन तरुणांपुढे हा प्रश्न दरवर्षी येतो. त्यांच्यात जे ज्यू असतात त्यांच्यापुढे तर तो दुहेरी येतो. आज आम्ही तेवढ्याचाच विचार करणार आहोत.

१९६१ च्या मार्चमध्ये अध्यक्ष केनेडी यांनी पीस कोअर ही संस्था काढली. त्याच वर्षी ऑगस्टात तिचे पहिले स्वयंसेवक घाना देशात उतरले आणि वर्ष सरण्याच्या आत भारतातही आले. येथले त्यांचे काम १९७६ पर्यंत चालले. मुदत साधारण दोन वर्षांची, म्हणजे घरचा प्रत्येक सण दोनदा चुकायचा. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेल्या जिमी कार्टर यांच्या मातुःश्री लिलियन कार्टर १९६६ साली, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, अशाच येऊन मुंबईजवळ विक्रोळीला राहिल्या होत्या. त्यांचा जन्म १५ ऑगस्ट १८९८ चा. सत्तरावा वाढदिवस विक्रोळीतच आला आणि त्या दिवशी सारा देश झेंडे लावून बसलेला! असा योग सर्वांच्या वाट्याला कोठून येणार?

अमेरिकनांचा घरगुती म्हणावा असा मोठा सण म्हणजे थँक्सगिव्हिंग, कृतज्ञतेचा दिवस. यादवी युद्ध ऐन भरात असताना १८६३ साली लिंकन यांनी तो साऱ्या राष्ट्राला लावून दिला आणि १९४१ च्या कायद्याने नोव्हेंबरातला चौथा गुरुवार कायम झाला. या सणाला मूर्ती नाही, मुहूर्त नाही. जेवण हाच सण. टर्की पक्षी, क्रॅनबेरीचे आंबटगोड कालवण आणि तांबड्या भोपळ्याची पाय. आता आपल्या खेड्यात टर्की कोठला? कोंबडीवर भागवावे लागते. भोपळा मुबलक मिळतो, पण पाय भाजायला भट्टी लागते. आणि भोपळ्याचे घारगे कितीही खुसखुशीत झाले तरी ती पाय नव्हे.

पण आमच्या मते खरी अडचण पदार्थांची नाही. हा सण मुळात पीक घरात आल्याच्या आनंदाचा. १९६६-६७ मध्ये बिहारात दुष्काळ होता, १९७२ मध्ये महाराष्ट्रात. दोन्ही वेळी हे स्वयंसेवक या देशात होते. शेजाऱ्याचे पीक करपलेले असताना भरल्या ताटाबद्दल देवाचे आभार कसे मानावेत? सण सोडून द्यावा, म्हणजे निदान लाज तरी राहील, असे वाटणे साहजिक आहे. आम्हांला ते पटत नाही. सेवा करणारा माणूस आपले घर विसरून आला पाहिजे, असा काही नियम नाही. तो चारचौघा देशबंधूंबरोबर दार लावून जेवला तर मात्र गाव ते लक्षात ठेवते. शेजाऱ्याला बोलावले, की 'हा कसला सण?' याचे उत्तर द्यावे लागते. आणि घरी असताना ते कोणी विचारलेलेच नसते!

ज्यू स्वयंसेवकाची कथा याहून बिकट. त्याचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो. महिने चांद्र, आणि ते ऋतूंशी जुळावेत म्हणून एकोणीस वर्षांत सात अधिकमास. हे सांगितले की आपल्याकडची आजीबाई चटकन समजते. अमेरिकेतल्या शेजाऱ्याला समजवायला जास्त वेळ लागत असेल! सामुदायिक प्रार्थनेला परंपरेप्रमाणे दहा पुरुष हवेत. लहान गावात दहा ज्यू कोठून आणायचे? वल्हांडणात तर आंबवलेले काही चालत नाही. इस्राएलबाहेर बहुतेक ज्यू हा सण आठ दिवस पाळतात. मात्झा नावाची बिनफुगलेली भाकरी खायची. तिच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत ती भाजून निघाली पाहिजे. आपल्या पोळीत खमीर नसते हे खरे, पण हा हिशेब आपण कधी ठेवतो?

आणि हा स्वयंसेवक ठाण्याला किंवा अलिबागेकडे आला, तर त्याला आपलेच धर्मबंधू मराठी बोलताना भेटतात. बेने इस्राएल लोक कोकणात शतकानुशतके राहिले, तेलाचा धंदा केला, शनिवारी घाणा बंद ठेवला, म्हणून 'शनिवार तेली' म्हणवले गेले. त्यांच्या जुन्या सणांची नावे ऐकावीत: नव्याचा सण, खिरीचा सण, शिळा सण. योम किप्पूर या कडक उपासाच्या दिवसाला ते 'दारफळणीचा सण' म्हणत, कारण त्या दिवशी घरे बंद करून आत बसायचे. दार लावून पाळायचा सण तो. एरवी नवस फिटला की एलियाहू हन्नबीच्या नावाने पोहे, गूळ, खोबरे आणि फळे यांचा मलिदा करून वाटायचा.

अशा घरी वल्हांडणाच्या रात्री न्यूयॉर्कचा मुलगा पंगतीला बसला, तर धर्म एक, ग्रंथ एक, प्रार्थनेची भाषा एक, आणि तरी ताटात घोटाळा होतो. पूर्व युरोपातून अमेरिकेत गेलेल्या ज्यू घराण्यांत वल्हांडणात भात वर्ज्य मानण्याची चाल आहे. २०१५ साली तिकडच्या एका पंथाच्या धर्माचार्यांनी ती सैल केली, पण लहानपणची सवय ठरावाने थोडीच जाते! आमच्या कोकणात भाताशिवाय जेवण नाही. बेने इस्राएल वल्हांडणातही भात खातात. तेव्हा यजमानीण बाई भाताचे भांडे घेऊन पुढे आल्या, की पाहुण्याने ताटावर हात आडवा धरायचा की नाही, हे त्याला तेथल्या तेथेच ठरवावे लागते.