परक्या नगरातील बिऱ्हाड

औरंगपुऱ्यातील एखाद्या घरी मुलाची परदेशी जाण्याची तयारी सुरू झाली, की ती शेजाऱ्यांपासून लपत नाही. बैठकीच्या खोलीत उघडी पेटी असते. आई लोकरीच्या कपड्यांच्या घडीत मेतकुटाचा डबा बसवीत असते. वडील हुंडणावळीचे आकडे पुनःपुन्हा मांडून पाहत असतात. मुलगा पदवी मिळवील, याविषयी घरात कोणासच शंका नसते. रात्री झोप उडविणारे प्रश्न निराळेच असतात. तेथे त्याला खोली कोण देईल? घरमालक माणसे कशी निघतील? आजारी पडला तर विचारपूस कोण करील?

हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. पदव्युत्तर अभ्यासाचा पाया ग्रंथालयात नव्हे, तर बिऱ्हाडात घातला जातो. याची साक्ष देणारे एक चरित्र या नगराशी अगदी निकटचे आहे.

१९१३ सालच्या जुलै महिन्यात बावीस वर्षांचे भीमराव आंबेडकर न्यूयॉर्क येथे उतरले. त्याच वर्षी त्यांचे वडील निवर्तले होते. पत्नी रमाबाई व तान्हे मूल मुंबईस होते. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी तीन वर्षांकरिता दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली होती. तेवढ्यात महानगरातील राहणी चालवावयाची व त्यातूनच घरीही काही पाठवावयाचे, असा तो संसार होता.

कोलंबिया विद्यापीठाच्या हार्टले हॉल या वसतिगृहात त्यांनी प्रथम मुक्काम केला. तेथील अन्न त्यांना मानवेना. आठवड्याभरातच त्यांनी ती जागा सोडली. पुढे ११४ व्या रस्त्यावरील कॉस्मॉपॉलिटन क्लबात, जेथे आणखी काही हिंदी विद्यार्थी राहत असत, त्यांनी बिऱ्हाड केले आणि शेवटी लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते स्थिरावले. तेथे नवल भथेना या पारशी विद्यार्थ्याशी त्यांची गाठ पडली. एका छपराखाली जडलेला हा स्नेह जन्मभर टिकला.

परक्या नगरात पाय रोवणे म्हणतात ते असे असते. पहिली जागा बहुधा चुकते. दुसरी चालवून घ्यावी लागते. तिसऱ्या ठिकाणी एखादा सोबती भेटतो आणि तेव्हा कोठे ते नगर आपलेसे वाटू लागते. एकदा बूड टेकले, की मग अभ्यासास जोर चढतो. आंबेडकरांनी तीन वर्षांत एकट्या अर्थशास्त्राचेच एकोणतीस अभ्यासक्रम घेतले. इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र हे विषय त्यावेगळे. १९१५ साली ते एम्. ए. झाले. ९ मे १९१६ रोजी प्राध्यापक गोल्डनवायझर यांच्या अभ्यासवर्गात त्यांनी हिंदुस्थानातील जातिसंस्थेवर निबंध वाचला.

परंतु न्यूयॉर्कने त्यांना जे दिले, ते सर्वच पदवीपत्रात लिहिलेले नाही. तेथे खोली देताना कोणी त्यांची जात विचारली नाही. इतरांच्या शेजारी बसून जेवावे, हव्या त्या वाटेने चालावे, पाणी मागावे आणि ते सहज मिळावे, या गोष्टींत काही विशेष आहे असे त्या शहरास वाटतही नव्हते. परदेशातील वास्तव्याने आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच मनातून पुसून टाकली होती, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

ती जाणीव परत आली ती स्वदेशी बिऱ्हाड शोधताना. मध्यंतरी १९१६ साली ते लंडनला गेले होते. परंतु शिष्यवृत्तीची मुदत सरल्यामुळे १९१७ साली त्यांस परतावे लागले आणि करारानुसार ते बडोद्यास नोकरीवर रुजू झाले. त्या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव नोंदवून ते कसेबसे राहिले. अकराव्या दिवशी हाती काठ्या घेतलेला जमाव दारात येऊन उभा राहिला आणि संध्याकाळच्या आत जागा सोडण्याची तंबी देऊन गेला. एका हिंदू व एका ख्रिस्ती स्नेह्याकडे त्यांनी आसरा मागितला. दोघांनीही अडचणी सांगितल्या. न्यूयॉर्क व लंडन येथे राहून आलेल्या या विद्वानाने रात्रीच्या गाडीची वाट पाहत सार्वजनिक बागेत तास काढले.

यात कोणा एका समाजास दोष देणे न्याय्य ठरणार नाही. १९२० साली अपुरा राहिलेला अभ्यास पुरा करण्यासाठी ते पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा पाच हजार रुपयांचे कर्ज देणारे नवल भथेनाही पारशीच होते. दोष होता तो, माणूस पाहण्यापूर्वी त्याचे कुळ पाहणाऱ्या रूढीचा.

लंडनमधील दिवस अर्धपोटी गेले. दिवसभर ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात बसावे आणि रात्री दहाच्या सुमारास भूक लागली म्हणजे पत्र्यावर भाजलेले पापड व कपभर दूध यांवर भागवावे, असा क्रम होता. तरीही १९२३ साली त्यांनी डी. एस्सी. ही पदवी मिळविली. किंग हेन्रीज रोडवरील ज्या दहा क्रमांकाच्या घरात त्यांनी बिऱ्हाड केले होते, ते २०१५ साली महाराष्ट्र सरकारने विकत घेऊन स्मारक म्हणून जतन केले.

औरंगाबादेत मात्र त्यांचे स्मारक निराळ्या प्रकारचे आहे. १९५० साली, मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना, त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने येथे महाविद्यालय काढले. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याच्या इमारतीची कोनशिला बसली. महाविद्यालयास पुढे मिलिंद हे नाव मिळाले आणि परिसर नागसेनवन झाला. भिक्षू नागसेनास प्रश्न विचारणारा मिलिंद हा यवन राजा होता. शंका घेऊन आलेल्या परक्याचे नाव एका विद्यालयास लाभावे, हे अर्थपूर्ण आहे. त्या वनात वर्गांबरोबर वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातून आलेल्या मुलास ज्ञानाआधी निवारा लागतो, हे ज्याने बडोद्याच्या बागेत बसून अनुभवले होते, त्यास ते निराळे शिकविण्याची गरज नव्हती.

नागसेनवन औरंगपुऱ्यापासून फार दूर नाही. आज छत्रपती संभाजीनगर हे नाव धारण करणाऱ्या या शहरात आंबेडकरांच्याच नावाच्या विद्यापीठात शिकण्याकरिता देशोदेशीचे विद्यार्थी येतात. औरंगपुऱ्यातील अभ्यासिकांमध्ये मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतील मुले-मुली पहाटेपासून बसलेली असतात. त्या सर्वांना हे शहर परके व मोठे आहे. संध्याकाळी पुस्तके मिटल्यावर ती गल्लोगल्ली खोल्यांच्या पाट्या वाचीत हिंडतात आणि एखाद्या दारावर टकटक करतात. दार उघडते; गाव विचारले जाते; मग आडनाव विचारले जाते. त्यानंतर कधी किल्ली पुढे येते, तर कधी खोली नुकतीच गेल्याचे कळते.

ज्या घरात परदेशी जाणाऱ्या मुलाची पेटी भरली जात आहे, त्याच घराची माडी कदाचित रिकामी असेल. आपल्या मुलास न्यूयॉर्क वा लंडन येथे कोणी कुळ न विचारता जागा द्यावी, एवढीच त्या आईची प्रार्थना असते. तिच्या स्वतःच्या दारी उभ्या असलेल्या मुलाची आईही तीच प्रार्थना करीत असते. त्यांपैकी एक प्रार्थना सफल करणे तिच्या हाती आहे.