मीठ, नाणं आणि गवताच्या गंजी



1674 च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन चौल, अष्टमी, निजामपूर करत रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला येऊन पोचला. सोबत नजराणा होता आणि वीस कलमांच्या तहाचा मसुदा होता. पण शिवाजी महाराज गडावर नव्हते. राज्याभिषेकाआधी भवानीच्या दर्शनासाठी ते प्रतापगडावर गेले होते. देवीला सोन्याचं छत्र वाहायचं होतं. ऐन वैशाखात वकिलाला पायथ्याशी तंबू ठोकून वाट बघावी लागली.

आपल्या महाड-पोलादपूर भागातल्या माणसाला ही वाट समजावून सांगायला नको. रायगडाहून प्रतापगडाकडे जायचं तर सावित्रीच्या खोऱ्यातूनच वर चढावं लागतं. आज आपण पोलादपूर सोडून आंबेनळीची वळणं घेत महाबळेश्वराकडे निघतो, तेव्हा एका बाजूला प्रतापगड दिसायला लागतो. गाडी थांबते, फोटो निघतात, कुणीतरी मुलांना अफझलखानाची गोष्ट सांगतं. 10 नोव्हेंबर 1659. ती तारीख आपल्याकडच्या शाळकरी पोराला पाठ असते. पण खान आणि महाराज यांच्या त्या भेटीआधी कितीतरी दिवस कृष्णाजी भास्कर आणि पंताजी गोपीनाथ हे दोन वकील वाई आणि प्रतापगड यांच्या दरम्यान ये-जा करत होते. वाईच्या मोकळ्या मैदानात तळ टाकून बसलेल्या खानाला रडतोंडीचा घाट उतरून जावळीच्या रानात यायला लावलं, ते त्या बोलण्यांनी. हे मात्र गोष्ट सांगताना दोन वाक्यांत उरकलं जातं.

आज मला त्या उरकल्या जाणाऱ्या भागाबद्दलच बोलायचं आहे. राज्य चालवणाऱ्या माणसाचं रोजचं काम काय असतं? लढाया वर्षातून काही दिवस होतात. बाकीचे दिवस कागद, माणसं, हिशेब, तक्रारी आणि परक्या दरबारांचे वकील यांत जातात. महाराजांचे हे दिवस आपल्याला बऱ्यापैकी दिसू शकतात, कारण त्यांची पत्रं शिल्लक आहेत आणि त्यांच्याकडे आलेल्या परदेशी लोकांनी लिहून ठेवलेली टिपणंही शिल्लक आहेत. ती एकत्र ठेवून वाचली की एक गोष्ट सारखी डोळ्यांत भरते. घरचा कारभार आणि परराज्यांशी व्यवहार अशी दोन खाती त्यांच्या मनात वेगळी नव्हतीच. परक्याला होकार द्यायचा की नकार, हे ठरवताना ते आपल्या रयतेच्या घरात त्यानं काय फरक पडेल ते बघत.

अष्टप्रधानांत परराज्यांचा व्यवहार सुमंतांकडे, म्हणजे डबिरांकडे. अमात्य म्हणजे मुजुमदार, ते जमाखर्च बघणार. सचिव म्हणजे सुरनीस, ते कागदपत्रं तपासणार. मंत्री म्हणजे वाकनीस, ते राजाच्या दिनचर्येची नोंद ठेवणार. प्रत्येकाचं काम असं ठरलेलं. पण इंग्रजांशी बोलणी कोणी केली? निराजी रावजींनी, आणि ते होते न्यायाधीश. माणूस मुरलेला आणि भरवशाचा, म्हणून हे काम त्यांच्याकडे. पुढे त्यांचाच मुलगा प्रल्हाद निराजी गोवळकोंड्याच्या कुतुबशहाच्या दरबारात महाराजांचा वकील झाला.

आता पाचाडच्या तंबूकडे वळू. निराजीपंत तिथे ऑक्झिंडनला भेटले. ऑक्झिंडननं आपल्या टिपणात त्यांचं बोलणं नोंदवून ठेवलं आहे. त्याचा मथितार्थ असा, की आजवर सततच्या लढायांमुळे महाराजांना व्यापाराकडे आणि प्रजेच्या सुखाकडे मनासारखं लक्ष देता आलं नाही, आता राज्याभिषेक झाला की ते काम हाती घेतील. वकिलानं वकिलाला सांगितलेली गोष्ट आहे, तेव्हा त्यात थोडी गोडी पेरलेली असणारच. तरी राज्याभिषेकाकडे महाराजांचे स्वतःचे प्रधान कसं पाहत होते, ते यातून समजतं. सिंहासन हे कारभाराची घडी बसवण्यासाठी होतं.

इंग्रजांचं मुख्य दुखणं राजापूरचं. 1660 मध्ये पन्हाळ्याच्या वेढ्यात त्यांनी सिद्दी जौहरला दारूगोळा पुरवला, त्याची शिक्षा म्हणून महाराजांनी पुढच्या वर्षी त्यांची राजापूरची वखार लुटली आणि माणसं कैदेत टाकली. त्या लुटीची भरपाई ते दहा-बारा वर्षं मागत होते. एका मागून एक वकील येऊन गेले. 1673 मध्ये टॉमस निकल्स रायगडावर येऊन गेला. महाराजांनी दार कधी बंद केलं नाही आणि घाईही कधी केली नाही. अखेर दहा हजार होन ठरले, शेकडा अडीच जकात ठरली. ठरलेली रक्कम पुरती हाती पडावी म्हणून इंग्रज त्यानंतरही खेटे घालत राहिले.

पण मला त्या मसुद्यातली दोन छोटी कलमं फार महत्त्वाची वाटतात. एक नाण्याचं. इंग्रजांची मागणी अशी, की मुंबईत पाडलेली आमची नाणी तुमच्या राज्यात चालावीत. महाराजांचं उत्तर ऑक्झिंडननं लिहून ठेवलंय. कोणतंही नाणं चालायला आमची मनाई नाही, पण ज्यात रयतेचं नुकसान होईल असं नाणं घ्या, अशी सक्ती आम्ही तिच्यावर करणार नाही. तुमचं नाणं कसाला उतरलं, मोगलांच्या नाण्याच्या तोडीचं असलं, तर ते आपोआप चालेल. हे उत्तर बारकाईनं बघा. परक्या सत्तेची मागणी आहे, तिच्याशी मैत्री हवी आहे, तिच्याकडून तोफा हव्या आहेत. तरी बाजारात भाजी विकायला बसलेल्या बाईच्या हातात कोणतं नाणं पडेल, याचा विचार आधी झाला आहे.

दुसरं कलम फुटलेल्या जहाजांचं. वादळात किनाऱ्याला लागलेलं जहाज आणि त्यावरचा माल मूळ मालकाला परत द्यावा, असं इंग्रजांचं म्हणणं. महाराज म्हणाले, हे कोकणच्या रिवाजात बसत नाही, आणि तुम्हाला ही सवलत दिली की फ्रेंच आणि डच उद्या तेच मागतील. एकाला दिलेला शब्द उद्या कुठवर जाऊन पोचेल, हे त्यांना तिथल्या तिथे दिसत होतं.

मसुद्याबाहेरचा तिसरा विषय जंजिऱ्याच्या सिद्दीचा होता. सिद्दीशी तह करावा, अशी गळ घालायची ऑक्झिंडनला मुंबईहून ताकीद होती. निराजीपंतांनी त्याला सरळ सल्ला दिला, की हा विषय महाराजांपुढे काढूच नका.

6 जूनला राज्याभिषेक झाला. ऑक्झिंडन दरबारात हजर होता, त्यानं हिऱ्याची अंगठी नजर केली. सिंहासनाच्या बाजूला भाल्यांवर लावलेली सोन्याची मत्स्यमुखं, घोड्यांच्या शेपट्या, सोन्याचा तराजू, हे सगळं त्यानं टिपून ठेवलं. जाता जाता एक गंमत सांगतो. गडावरचा शिधा या इंग्रजांना मानवेना, त्यांना रोज मांस लागे. पायथ्याचा एक म्हातारा खाटीक त्यांना बकरी पुरवी. आपण कित्येक वर्षांत विकलं नाही इतकं मांस इतक्या थोड्या दिवसांत खाणारी माणसं आहेत तरी कशी, हे बघायला तो म्हातारा मुद्दाम अख्खा रायगड चढून वर आला. हेही त्या परदेशी नोंदींतच आहे.

राज्याभिषेकानंतर आठवड्याच्या आतच तह पुरा झाला. 17 जूनला पाचाडच्या वाड्यात जिजाऊसाहेब गेल्या. ज्या सोहळ्यासाठी आयुष्य वेचलं, तो बघून अकराव्या दिवशी. पाऊस तोंडावर होता, फौजांना छावणीत धाडायचं होतं, किल्ल्यांत धान्य भरायचं होतं. कारभाराला सुतकात थांबायची मुभा नव्हती.

सिद्दीचा विषय पुढे कुठे गेला, तेही बघण्यासारखं आहे. जानेवारी 1675 चं एक पत्र आहे, प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला लिहिलेलं. जंजिऱ्याच्या नाकासमोर पद्मदुर्ग उभा राहत होता. दर्यासारंग आणि दौलतखान आरमार घेऊन गुंतले होते. त्यांना पैसा आणि धान्य पोचवायचा हुकूम सुभेदाराला गेला होता, आणि तो पोचवत नव्हता. पत्रातला राग आजही अंगावर येतो. शत्रूकडून काही खाल्लंस की काय, अशी शंका उघड विचारली आहे, आणि जातीनं ब्राह्मण म्हणून गय होणार नाही, हेही बजावलं आहे. सात महिन्यांपूर्वी इंग्रज वकिलाशी सिद्दीबद्दल बोलणंसुद्धा नको होतं. त्या नकारामागचं बळ शेवटी एका सुभ्याच्या कोठारातल्या भातावर आणि तो भात वेळेवर गलबतात चढतो की नाही, यावर अवलंबून होतं.

आता मिठाकडे येतो. 7 डिसेंबर 1671 चं पत्र, कुडाळच्या नरहरी आनंदराव यांना. बारदेश तेव्हा पोर्तुगीजांकडे होता आणि तिथलं मीठ स्वस्त पडत होतं. घाटावरचा व्यापारी बैलांवर धान्य-कापड लादून खाली उतरतो आणि जाताना मीठ भरून नेतो. तो बारदेशाकडे वळला, तर संगमेश्वराकडच्या आपल्या मिठागरांचं मीठ पडून राहणार, आणि त्या व्यापाऱ्यांच्या येण्याजाण्यावर चालणाऱ्या आपल्या बाजारपेठाही बसणार. म्हणून महाराजांनी हुकूम दिला, की बारदेशच्या मिठावर इतकी जबर जकात बसवा, की ते आपल्या मिठापेक्षा महाग पडलं पाहिजे. चार वर्षांपूर्वी, 1667 मध्ये, याच बारदेशात महाराजांच्या फौजा शिरल्या होत्या आणि मग पोर्तुगीजांशी तह झाला होता. तह मोडायचा नव्हता. घाटाखालच्या नाक्यावर जकात वाढवली, तेवढ्यानं काम भागत होतं. हा कारभार घरचा म्हणायचा की बाहेरचा? मला तरी तो एकच दिसतो.

मिठाची आणि जकातीची हीच गोष्ट आपल्या खोऱ्यातही दिसते. महाड हे त्या काळी सावित्रीवरचं बंदर, भरतीबरोबर गलबतं तिथवर येत. मागे पारघाटासारख्या वाटा थेट देशावर चढणाऱ्या. पार गावात कोयनेवरचा शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल अजून उभा आहे. 1656 मध्ये चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली ती नुसत्या रानासाठी नव्हे. बंदरापासून देशापर्यंतची वाट ज्याच्या हातात, त्याच्या हातात मीठही आणि जकातही.

चिपळूणजवळ हलवर्ण इथल्या छावणीतल्या अंमलदारांना गेलेलं पत्र तर मी पुनःपुन्हा वाचतो. पावसाळ्यासाठी दाणा-गवत साठवलं आहे, ते जपून पुरवा, नाहीतर ऐन पावसात घोडी मरतील, असं महाराज सांगतात. मग तुम्ही कुणब्याच्या घरातून कुणी दाणे, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी भाजी उचलायला लागाल. लोक गाव सोडून जातील आणि म्हणतील, यांच्यापेक्षा मोगल बरा. त्यापुढे गवताच्या गंजींची काळजी आहे. गंजीजवळ चूल पेटवू नका, तंबाखू ओढायला विस्तव नेऊ नका, रात्री दिवा जळता ठेवून निजू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि सगळं भस्म होईल. एवढ्या मोठ्या राजाला उंदरानं ओढलेल्या वातीची आठवण राहते. आणि मोगल बरा म्हणतील, हे वाक्य तिथेच, त्याच कागदावर आहे. औरंगजेबाशी चाललेल्या झुंजीत कुणब्याचं मत कुठे पडतं, ते त्या गवताच्या गंजीपाशी ठरणार होतं.

असे कागद कसे तयार होत? मोडीत, बोरूनं. बाळाजी आवजींसारखा चिटणीस लिहिणार. माथ्यावर मुद्रा, आणि मजकूर संपला की लगेच खाली 'मर्यादेयं विराजते' हा मर्यादेचा शिक्का, म्हणजे मागाहून कुणी एक ओळ घुसडू शकणार नाही. आणि या कागदांत ज्याचा हिशेब येई, त्या महसुलाचा पाया अण्णाजी दत्तोंनी घालून दिलेला. जमीन काठीनं मोजायची, पिकाचे पाच वाटे करायचे, तीन रयतेला, दोन सरकारला.

5 सप्टेंबर 1676 ला प्रभावळीच्याच दुसऱ्या सुभेदाराला, रामाजी अनंतला, एक लांबलचक पत्र गेलं. गावोगाव फीर, कुणबी गोळा कर. ज्याच्याजवळ बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे दे, पोटाला धान्य दे. व्याज घेऊ नकोस, नुसतं मुद्दल त्याच्या ऐपतीप्रमाणे हळूहळू वसूल कर. यापायी दोन लाख लारी नाणी खर्च झाली तरी चालतील. आणि हे ज्या सुमारास लिहिलं जात होतं, त्याच सुमारास दक्षिणेच्या मोहिमेची जुळवाजुळव चालली होती. 1677 मध्ये महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला गेले, कुतुबशहाला भेटले, आणि पुढे जिंजीकडे उतरले. तिथे किनाऱ्यावरच्या डचांनी व्यापाराचा कौल मागितला. महाराजांनी तो दिला, पण त्यात एक अट घातली. मागच्या राजवटीत तुम्हाला बायकापुरुष गुलाम म्हणून विकत घ्यायची आणि विकायची मोकळीक होती, माझ्या राज्यात ती नाही. कोणी तसं करू लागला तर माझी माणसं अडवतील. तो मुलूख हाती येऊन पुरते चार महिनेही झाले नव्हते. तिथली भाषा वेगळी, माणसं अनोळखी, तरी ती आता आपली रयत, आणि परक्या व्यापाऱ्याशी बोलताना तिची बाजू आपण घ्यायची, एवढं महाराजांच्या लेखी पुरेसं होतं.

श्रोतेहो, यातली बरीच मराठी पत्रं आपल्याला वाचायला मिळतात, कारण कुणाच्या तरी घरात रुमालात बांधलेली ती टिकली आणि संशोधकांनी दारोदार फिरून ती गोळा केली. 1910 मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झालं ते याच कामासाठी. त्या काळाच्या खुणा आपल्या सावित्रीच्या खोऱ्यातही आहेत. पोलादपुरात शिवभारत लिहिणाऱ्या कवींद्र परमानंदांची समाधी आहे, उमरठला तानाजी मालुसऱ्यांची. या खोऱ्यात जुनी देशमुखांची, खोतांची, पाटलांची घरं अजून आहेत आणि काहींच्या माळ्यावर मोडीतले रुमालही आहेत. जुलै 2021 च्या पुरात महाडच्या घराघरांत पाणी शिरलं तेव्हा कपाटांबरोबर असे कितीतरी कागद भिजले असतील. तुमच्याकडे असतील तर उन्हात वाळत घालू नका, सावलीत सुकवा, प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, आणि मोडी वाचता येणाऱ्या माणसाला एकदा दाखवा. मोडी शिकवणारे वर्ग आता जागोजागी भरतात. एखाद्या कागदाखाली मर्यादेचा शिक्का सापडला, तर मंडळाला कळवा.