झेंड्याची दोरी

(२६ जानेवारीच्या संध्याकाळी वस्तीतल्या सभेत केलेलं भाषण)



मी गोदीत ठेकेदाराकडं रोजंदारीवर माल उचलतो. रात्री कविता लिहितो. शिक्षण दहावी पास. तेव्हा पुस्तकी बोलणार नाही, आज सकाळचं सांगतो.

झेंड्याचा खांब आम्ही पुसला. चुना आम्ही मारला. झेंड्याच्या घडीत पाकळ्या भरून, एका झटक्यात सुटेल अशी गाठ मी बांधली. साहेब आले, दोरी ओढली, पाकळ्या पडल्या, टाळ्या झाल्या. साहेब बोलले, आपण सगळे समान. मग साहेब पगारी सुट्टीवर घरी गेले, आम्ही बिनपगारी.

पगाराचं सोडा. गेल्या आठवड्यात गोदामामागचं मैल्याचं गटार तुंबलं. सोळा जणांच्या टोळीतून मुकादमानं तिघांना हाक मारली. तिघंही आपलेच. विचारलं, आम्हीच का? तो हसला. म्हणाला, "तुम्हाला सवय असते."

सवय! मी कधी गटारात उतरलो नाही. माझा बापही नाही. त्याला सवय आमच्या हातावर दिसली नाही, आडनावात दिसली. आम्ही उतरलो नाही. दोन दिवसांचा रोज बुडाला. बाकीचे तेरा जण खाली मान घालून बिड्या ओढत बसले.

अस्पृश्यता नष्ट करणारं कलम संविधान सभेनं २९ नोव्हेंबर १९४८ ला मंजूर केलं. २६ जानेवारी १९५० पासून ते कलम १७ म्हणून लागू आहे. पण मुकादमाच्या जिभेवर ते अजून लागू झालेलं नाही. हातानं मैला उपसायला लावण्यावर १९९३ ला बंदी आली. २०१३ ला पुन्हा नवा कायदा आला. एकच गोष्ट दोनदा बंद करावी लागते, याचा अर्थ काय? गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या, असं सुप्रीम कोर्टानं २०१४ ला सांगितलं. २०२३ ला ३० लाख सांगितले. मरणाचा भाव तिप्पट झाला, मरण थांबलं नाही.

बाबासाहेबांनी हे आधीच बजावलं होतं. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत ते म्हणाले, की राजकारणात आपण समान होऊ, पण समाजात आणि पैशात विषमताच राहील. ही विसंगती लवकर मिटवली नाही, तर तिच्यात भरडलेले लोकच लोकशाहीचा डोलारा उडवून देतील. गोदीवाल्याला हे लगेच कळतं. सगळा माल एका बाजूला रचला की जहाज कलतं. वर झेंडा कितीही उंच असू दे.

१५ ऑगस्ट १९७२ ला स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली, तेव्हा दलित पँथरनं काळा स्वातंत्र्यदिन पाळला. आज आपली काही पोरं म्हणतात, २६ जानेवारीलाही काळे झेंडे लावू. पोरांनो, तुमचा राग तोच माझा राग. पण १५ ऑगस्टला सवाल होता, सत्ता कुणाच्या हातात गेली? २६ जानेवारीला जे आलं त्याच्या मसुद्यावर आपल्या बापाचा हात फिरलाय. त्याला आपणच काळं फासलं, तर ज्यांना ते मुळातच नको आहे ते पेढे वाटतील. मात्र नुसता सलाम ठोकून घरी जाणं, हीसुद्धा गद्दारीच.

आणि आपल्या घरात काय चाललंय? लग्न जुळवताना आपणही पोटजात विचारतो. माझी बायको चार घरची धुणीभांडी करून येते आणि मी म्हणतो, चहा टाक. मुकादम काय फक्त गोदीतच असतो?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. समता २६ ला ऐकायची नाही, २७ ला सकाळी पाळीवर मागायची. सुरक्षेची साधनं न देता माणसाला मैल्याच्या गटारात उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद आहे. उद्या हा कायदा खिशात घेऊन मी जाणार. मुकादमाला दाखवीन, पण त्याच्या आधी त्या तेरा जणांना दाखवीन. तिघं नाही म्हणाले तर रोज बुडतो. सोळा जण नाही म्हणाले तर काम बुडतं. सरनाम्यातली बंधुता म्हणजे आमच्या टोळीत हीच. ती आली तर समतेला पाय फुटतील.

झेंड्याची गाठ आम्ही बांधतो. दोरीवर आमचाही हात पाहिजे.

जय भीम!