गाडीतलं चामडं आणि आपले हात

(वस्तीतल्या तरुणांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला भाषण येत नाय. मला गाडीच्या सीटा साफ करता येतात. तेवढंच सांगायला उभा राहिलोय.

माझा बाप ढोर. धारावीत चामडं कमवायचा. कातडी चुन्याच्या पाण्यात भिजवायची, केस खरवडायचे, मग बाभळीची साल नि हिरड्याच्या पाण्यात आठवडेच्या आठवडे मुरवायची. बापाच्या कपड्यांचा वास माझ्या दप्तराला लागायचा, आणि वर्गात माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. आज मी चामडंच पुसतो, पण वीस-तीस लाखांच्या गाडीत. मालक दार उघडून छातीभर श्वास घेतो नि म्हणतो, वा, अस्सल लेदर! ज्या वासाला शाळेत नाकं मुरडली, तो आता पैसे मोजून विकत घेतात.

मागे एका गॅरेजात आपल्याच वस्तीतल्या पोराला थिनर दिला आणि सांगितलं, डाग काढ. डाग निघाला, सोबत सीटचा रंगबी निघाला. पोराची पाच दिवसांची मजुरी कापली. थिनर कुणी दिला, हे कुणी विचारलं नाही. म्हणून हे ज्ञान नीट ऐका. आपलं अज्ञान दुसऱ्याच्या फायद्याचं असतं.

पहिली गोष्ट. गाडीतलं बहुतेक चामडं उघडं नसतं. वर रंगाचा नि पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. तुम्ही पुसता तो थर. थिनर, ॲसिटोन तोच विरघळवतात. खोबरेल तेल, बुटाचं पॉलिश त्यातून आत जात नाही. वर बसून धूळ धरतं नि गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पँटीला लागतं. २०२० साली करोनात लोकांनी सॅनिटायझरने सीटा रोज पुसल्या. अल्कोहोलने कित्येकांचा थर गेला.

दुसरी गोष्ट. आधी ओळखा. सीटखाली, न दिसणाऱ्या जागी पाण्याचा एक थेंब टाका. थेंब वर राहिला तर थर आहे. मुरला नि जागा काळी पडली तर चामडं उघडं आहे. तिथं पाणी जपून. आणि मालक लेदर म्हणतो म्हणून लेदर समजू नका. कापलेली कड बघा. मागून विणलेलं कापड दिसलं तर ते रेक्झिन. त्याला महागडं कंडिशनर चोळणं म्हणजे दगडाला दूध पाजणं.

तिसरी गोष्ट, साफ करायची रीत. आधी व्हॅक्यूम. शिवणीत नि घडीत अडकलेली वाळू सँडपेपरचं काम करते. तशीच घासली तर तुम्हीच सीट खरवडता. चामडं स्वभावाने आम्लधर्मी असतं. धुण्याचा सोडा, कपड्यांची पावडर त्याच्या उलट्या गुणाची. म्हणून सौम्य क्लीनर, तोबी फडक्यावर किंवा मऊ ब्रशवर, सीटवर ओतायचा नाही. भोकं पाडलेल्या सीटवर तर अजिबात नाही. खाली वायरी असतात. मग ओलसर फडकं, मग कोरडं. सावलीत वाळू द्यायचं. उन्हात काच बंद गाडी ठेवली की चामडं सुकतं, कडक होतं, भेगा पडतात. मुंबईच्या पावसात उलटा त्रास: ओली गाडी बंद ठेवली की बुरशी.

चौथी गोष्ट जिवाची आहे. पुष्कळ गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेतून, शिवण फाडून बाहेर येते. तिथं जाड दोऱ्याने शिवलं किंवा जाड कव्हर चढवलं तर ती अडकते. मालक कितीबी म्हणू दे, तिथं सुई लावू नका.

पाचवी गोष्ट आपल्या जिवाची. गाडीची चारी दारं उघडी ठेवून काम करा. हातमोजे मागा. बापाचे हात चुन्याने खाल्ले. आपले हात केमिकलने खायला द्यायचे नाहीत.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेबांनी घाणीची कामं सोडायला सांगितली, आणि तू चामड्याचं शिकवतोस? प्रश्न बरोबर आहे. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गायीचं कातडं सोलणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून मारलं. त्यानंतर तिथल्या दलितांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीपुढे नेऊन टाकली. तुमची माय आहे, तुम्हीच उचला! जन्माने गळ्यात बांधलेलं काम असंच फेकायचं असतं. त्यात माझी शंका नाही.

पण मी जातीचा धंदा शिकवत नाही. मी कसब सांगतोय. आज तेच काम काचेच्या दुकानात 'डिटेलिंग' नावाने चालतं. गल्ल्यावर बसणारा एक्स्पर्ट, आणि मागे वाकून घासणारं पोर आपलं. हात आपले असतील तर दरबी आपण ठरवू. काम घ्यायच्या आधी सीटचे जुने डाग मालकाला दाखवा, कागदावर लिहा, सही घ्या. मग मजुरी कापायला कारण उरत नाही. आणि ज्याला हे काम नको, त्याने खुशाल सोडावं, शिकावं, दुसरं करावं. बाप सोडू शकला नाही. आपल्याला निवडता येतं, एवढ्यासाठीच ही चळवळ आहे.

येत्या रविवारी कुणाला शिकायचं असेल तर जुनी सीट आणलीय. हातमोजे मी देतो.

जय भीम.