गोविंदपुरम् येथे आमच्या मुलींनी काय गावे?



कुंभकोणमजवळच्या गोविंदपुरम् येथे बोधेंद्र सरस्वतींचे अधिष्ठान आहे. २०११ साली तेथे विठ्ठल-रुक्मिणीचे मंदिरही झाले. तेथे गाण्यासाठी मुलींना अभंग निवडून देण्याचे काम मंडळाने आमच्यावर सोपविले. आम्ही आमच्याच पट्टीत बसणारे अभंग निवडले. मुलींचे खालचे स्वर ऐकूच येईनात. त्यांतच एकीने विचारले, "काका, यात आमचे काय?" आम्ही निरुत्तर झालो.

मग पट्टी काळी चारवर नेली आणि जनाबाईचे दळण, विटाळाविषयी जाब मागणारी सोयराबाई, कान्होपात्रेची आळवणी असे अभंग काढले. अर्थ सांगताना आमचाच कंठ दाटला. तमिळ शाळेत शिकलेल्या मुलींना 'चाक' आणि 'चिमणी' यांतील 'च'चा भेद अजून साधत नाही; 'ळ' मात्र त्या आमच्याहून सुरेख उच्चारतात.