सात सागरांच्या गावी खारे पाणी



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आम्हांस विज्ञान शिकविले. त्यांच्या स्मृतीस वंदन करून वीतभरही नसलेल्या एका माशाविषयी बोलण्याची अनुज्ञा घेतो.

आपल्या उज्जयिनीत रुद्रसागरापासून पुरुषोत्तमसागरापर्यंत सात सागर आहेत. खारा मात्र एकही नाही. अधिक मासात रुद्रसागरी मिठाचे दान करतात, तेवढाच आपला लवणसंबंध! अशा गावी समुद्रातला मासा पाळण्याची बुद्धी मला झाली, तिचे मूळ मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात आहे. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. बालपणी तेथील काचेला नाक लावून मी उभा राहिलो होतो. ती हौस निवृत्तीनंतर उसळून आली.

माझ्या माशाचे नाव ब्लेनी. कोकणात खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी काहींनी पाहिली असेल. ब्लेनी दिसते तशीच, पण कूळ निराळे. अंगावर खवले नाहीत, सारे अंग बुळबुळीत. डोळ्यांवर पिसांसारखे तुरे. पुढच्या परांवर रेलून ती दगडावर बसते आणि दोन्ही डोळे स्वतंत्रपणे फिरवीत आपणांस न्याहाळते. दात फणीसारखे, त्यांनी दगडावरचे शेवाळ खरवडणे हाच तिचा दिवसभराचा उद्योग.

समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यांतील तीनचतुर्थांशाहून अधिक आपले नेहमीचे मीठ. उरलेल्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी. म्हणून स्वयंपाकघरातले मीठ चालत नाही. मत्स्यपेटीसाठी मिळणारे तयार सागरी मीठ घ्यावे लागते. माळव्याचा उन्हाळा ही दुसरी अडचण. पारा चाळिशीपलीकडे जातो आणि ब्लेनीस हवे असते पंचवीस-सव्वीस अंशांचे पाणी. पंखा लावावा तर पाणी थंड होते, पण झपाट्याने आटते. आटते ते पाणी. मीठ मागेच राहते. तेव्हा भर घालावयाची ती गोड्या पाण्याची. मी आरंभी खारे पाणी ओतीत असे! घनता मोजली तेव्हा उमगले.

परंतु माझा खरा अपराध याहून मोठा होता. पेटी आरशासारखी लखलखीत असावी, हा माझा हट्ट. दर रविवारी मी काच पुशीत असे, दगड घाशीत असे. पाहुणे वाखाणीत. ब्लेनी मात्र कोपऱ्यात बसून राही. ती शांत स्वभावाची आहे, असे मी सर्वांना सांगे. ती उपाशी होती. टाकलेल्या कोरड्या खाद्यास तिने तोंडही लावले नाही. तिचे अन्न मीच घासून काढीत होतो. दुसऱ्या महिन्यात ती गेली.

गप्पीसारखे मासे तळ्यांतून पैदा करतात. समुद्री शोभेचे मासे बहुतांशी प्रवाळखडकांतूनच पकडून आणलेले असतात. म्हणजे माझ्या हौसेपायी समुद्रातले एक माणूसच म्हणा ना, वजा झाले होते. दोन वर्षे मी पुन्हा मासा आणला नाही. रिकामी पेटी मात्र चालू ठेवली. माशाच्या विष्ठेतून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचे रूपांतर करणारे जिवाणू दगडांवर स्थिरावण्यास चार ते सहा आठवडे लागतात, आणि शेवाळ पोट भरण्याजोगे धरण्यास त्याहून किती तरी अधिक. दगड साधेच घेतले. प्रवाळास २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. किनाऱ्यावरून ते उचलून आणणे हा गुन्हा होय. पुष्कळ हौशी मंडळी याकडे काणाडोळा करतात, हे मला आवडत नाही.

सध्याची ब्लेनी तीन वर्षे माझ्याकडे आहे. शेवाळ विरळ झाले की वाळविलेले समुद्री शेवाळ दगडाला बांधून ठेवतो. पुढची काच तेवढी मी पुसतो. बाकीच्या तिन्ही हिरव्या असतात. त्यांवर ती रोज तोंड लावून चरते आणि ओठांचे गोल ठसे उमटवून ठेवते. सकाळी शाळेला निघण्यापूर्वी नात ते मोजते. काल सत्तावीस होते.