इंधनकांडीची संगणकावरची परीक्षा



३ एप्रिल १९८६. अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात ईबीआर-टू ही सोडियमनं थंड ठेवली जाणारी अणुभट्टी पूर्ण शक्तीवर चालू होती. शास्त्रज्ञांनी मुद्दाम तिचे मुख्य पंप बंद केले आणि विखंडन थांबवणारे नियंत्रक दांडेही आत सोडले नाहीत. सोडियमचा प्रवाह मंदावला, तापमान झपाट्यानं चढलं आणि मग भट्टीची शक्ती आपोआप उतरत गेली. इंधनाला इजा झाली नाही. हे धाडस नव्हतं. काय घडेल याचं गणित संगणकावर आधीच मांडलेलं होतं.

हे गणित सोपं नाही. भट्टीतलं इंधन धातूचं होतं, युरेनियमचा मिश्रधातू. बोटापेक्षाही बारीक पोलादी नळीत त्याची कांडी बसवतात आणि भोवती मुद्दाम मोकळी जागा ठेवतात, कारण विखंडनातून निघालेल्या वायूंच्या बुडबुड्यांनी कांडी फुगते. फुगता फुगता बुडबुडे एकमेकांना मिळतात आणि वायूला वरच्या रिकाम्या जागेत जायला वाट होते. आता अचानक शक्ती वाढली, तर? कांडी लांबीनं वाढते आणि विखंडन मंदावतं, हे आपल्या बाजूचं. पण युरेनियम वितळतं ११३२ अंश सेल्सिअसला, नळीच्या पोलादातलं लोखंड १५३८ला. दोन्ही एकमेकांना भिडली की सुमारे ७२५ अंशांनाच द्रव तयार होऊ लागतो! नळी आतून झिजते, त्यात वायूचा दाब. उष्णता, फुगवटा, दाब, झीज, सगळं क्षणाक्षणाला एकत्र मोजावं लागतं. यातली एक बाजू सुटली तरी उत्तर चुकतं.

म्हणून नुसत्या संगणकावर भिस्त ठेवू नये, असं माझं ठाम मत आहे. आयडाहोतल्याच ‘ट्रीट’ भट्टीत ऐंशीच्या दशकात अशा कांड्यांवर मुद्दाम शक्तीचा भडिमार केला गेला. नेहमीच्या चौपटीच्या आसपास पोचल्यावर त्यांतल्या काही फुटल्या. कांडी केव्हा, कुठे फुटली, हे आकडे संगणकाच्या उत्तराशी जुळले तरच मॉडेलवर विश्वास ठेवायचा.

ईबीआर-टू १९९४ साली कायमची बंद झाली. नोंदी मात्र जपल्या गेल्या. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या प्रकल्पात २०१२पासून अनेक देशांनी १९८६च्या या चाचणीचं गणित आपापल्या संगणकांवर सोडवून पाहिलं. त्यात कल्पाक्कमचं आपलं इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रही होतं. भारतालाही पुढच्या द्रुत, म्हणजे वेगवान न्यूट्रॉनांवर चालणाऱ्या, अणुभट्ट्यांत धातूचं इंधन वापरायचं आहे. अभियांत्रिकी शिकणाऱ्या माझ्या तरुण श्रोत्यांनो, या विषयाकडे वळा, आणि पडद्यावरचा आलेख मान्य करण्याआधी प्रत्यक्ष मोजमापाची नोंद मागा.